सीलबंद आणि जड म्हणजे चांगला सेट नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडच्या खेळणी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतो आहे. रूप बदलणाऱ्या रोबोंचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्ससारखे सेट घेताना काय पाहायचे, याचे पाच नियम त्यात दिले आहेत. सील फोडलेला सेट घेऊ नका. हाताला जड लागला तर ओरिजिनल. अंगावरचा चौकोनी स्टिकर अंगठ्याने घासून चिन्ह उमटले नाही तर डुप्लिकेट. आयएसआय शिक्का नसेल तर नकली. सांधा सैल असेल तर फेविक्विकचा एक थेंब टाका, काम झाले. खाली लिहिले आहे, ‘एवढे बघा आणि डोळे झाकून घ्या.’ या पाचांतला एकही नियम जसाच्या तसा धरता येत नाही, आणि शेवटच्याने तर चांगले सेट कायमचे वाया जातात.

‘सील फोडलेला घेऊ नका.’

खोक्यावरची टेप आणि वरचे पारदर्शक वेष्टन कुणालाही नव्याने लावता येते. टेपच्या कडेला जुन्या टेपची मळकट रेघ दिसली, किंवा पुठ्ठ्याचा छापील थर सोलून आलेला दिसला, तर खोका एकदा उघडून बंद केला आहे असे समजावे. पण सील अगदी मूळचे असले तरी आतला माल शाबूत असतो, हा समज जास्त महागात पडतो. १९८०च्या दशकाच्या शेवटी आणि पुढेही काही खेळण्यांत सोनेरी चमकी मिसळलेले प्लॅस्टिक वापरले गेले. ते वयाबरोबर ठिसूळ होते. संग्राहक त्याला ‘गोल्ड प्लॅस्टिक सिंड्रोम’ म्हणतात. हा रोग हाताळल्याने लागत नाही, ओतलेल्या मालातच असतो. त्यामुळे खोक्यातून कधीच न निघालेला रोबो पहिल्यांदा वळवताना, म्हणजे त्याचे रूप बदलताना, खांद्याच्या पिनेपाशी बिस्किटासारखा तुटतो. ‘ब्लॅक झराक’ हा ट्रान्सफॉर्मर्समधला रोबो याचे गाजलेले उदाहरण. टॉर्च तिरपी धरली की अशा प्लॅस्टिकमध्ये चमकीचे भोवरे दिसतात आणि पिनेभोवती केसासारख्या चिरा. असा सेट नुसता ठेवायचा, वळवायचा नाही.

बंद खोक्यात आणखीही गोष्टी घडतात. मऊ पीव्हीसीच्या भागातले तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि ज्या कडक प्लॅस्टिकला तो टेकला आहे तिथे खड्डा पाडते. आवाजाच्या किंवा दिव्याच्या सेटमध्ये बटन सेल पाझरून पत्र्याच्या पट्ट्या खातात. त्यात आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या कौलारू घराच्या माळ्यावर ठेवलेल्या खोक्यात ओल शिरते आणि वेष्टनामुळे लवकर बाहेर पडत नाही. स्टिकरच्या कडा उठतात, पुठ्ठ्याला बुरशी धरते, पोलादी पिना गंजतात. गंजलेली पिन भोकात धरून बसते, मग जोर लावला की पिनेऐवजी प्लॅस्टिकच पिळवटते. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. डांबरगोळ्या मात्र कधीही नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ आणि चिकट पडते.

न उघडता घेण्यात सर्वांत मोठा धोका आहे तो कंबायनरमध्ये, म्हणजे अनेक रोबो जोडून एक मोठा रोबो होणाऱ्या सेटमध्ये. १९८५चा डेव्हास्टेटर हा मोठा रोबो सहा कन्स्ट्रक्टिकॉन, म्हणजे बांधकामाच्या गाड्या होणारे रोबो, मिळून होतो. ते सहा जण एकत्र सेटमध्ये विकले गेले आणि सुटेही विकले गेले. सुट्यांच्या खोक्यात मोठ्या रोबोचे थोडे थोडे भाग वाटून दिलेले होते. म्हणून आज ‘पूर्ण सेट’ म्हणून येणारा माल पुष्कळदा चार ठिकाणांहून गोळा केलेला असतो: सहा गाड्या असतात, पण मुठी, छातीवरचे कवच किंवा बंदूक नसते. गाड्या मोजून भागत नाही. सूचनापत्रातले चित्र समोर ठेवून एकेक सुटा भाग त्यावर मांडायचा, पैसे नंतर.

भाग पुरे भरले की जोडून पाहायचे. आधी प्रत्येक रोबो एकटा उभा करा, मग त्याची गाडी करा, आणि मगच मोठा रोबो जोडा. याच क्रमाने केले तर दोष नेमका कुणात आहे ते कळते. २०१५च्या कंबायनर वॉर्स मालिकेतल्या नेहमीच्या संचात मधला धडाचा रोबो एक आणि हातापायांचे चार असतात, आणि ते चार कुठेही बसावेत अशी रचना आहे. तेव्हा प्रत्येकाला चारही खाचांत बसवून पाहा. एकाच खाचेत सगळे ढिले बसत असतील तर दोष धडाचा. एकच जण सगळीकडे ढिला बसत असेल तर त्याची खुंटी झिजली आहे. मग जोडलेला रोबो सपाट फरशीवर पाय थोडे फाकवून दहा मिनिटे उभा ठेवा. सगळा भार कमरेच्या रॅचेटवर, म्हणजे दात्यादात्याने अडत फिरणाऱ्या सांध्यावर, येतो. चांगला रॅचेट हलवताना स्वच्छ टकटक वाजतो आणि दर दात्यावर थांबतो. झिजलेला घरंगळतो, आणि रोबो हळूहळू पुढे किंवा एका बाजूला कलतो. सांध्याशेजारी प्लॅस्टिक पांढरे पडलेले दिसले तर तिथे आधीच जास्त ताण येऊन गेला आहे. पुढची चीर तिथूनच जाते.

हे सगळे सील न फोडता कसे पाहणार? ज्याला नुसता खोकाच जपायचा आहे त्याची गोष्ट निराळी. सेटचा कस पाहायचा तर तो उघडलाच पाहिजे, आणि म्हणून नीट ठेवलेला उघडा सेट आम्ही बंद खोक्याच्या वर धरतो.

‘जड असेल तर ओरिजिनल.’

हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने १९८४ साली ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले तेव्हा बरेचसे साचे जपानच्या टाकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रोमॅन मालिकांतले होते. त्यांतल्या अनेकांत डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या, धातूचे भाग होते. पुढे धातू कमी होत गेला आणि आजचे अधिकृत सेट जवळजवळ पूर्ण प्लॅस्टिकचे असतात. उलट नकली माल काढणारे मुद्दाम धातू घालतात, कारण गिऱ्हाईक हातात घेऊन वजन बघते हे त्यांना ठाऊक असते. जड छातीखाली प्लॅस्टिकची कंबर असली की रॅचेट लवकर जातो, हा तोटा वेगळाच.

वजनकाट्यापेक्षा व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेणारी सरकती पट्टी, कामाला येतो, आणि बेळगावात तो दुर्मीळ नाही. उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये तो रोजच्या वापरातला. मूळ भागावरून नवा साचा उतरवला तर ओतलेला भाग थंड होताना आकसतो. अशा खेळण्यांचे कडक एबीएस प्लॅस्टिक साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसते, म्हणजे ६० मिलिमीटरचा भाग पाव ते जवळपास अर्धा मिलिमीटर कमी भरतो. खात्रीच्या मूळ भागाशेजारी ठेवून तीन-चार ठिकाणी मोजा. सगळीकडे त्याच प्रमाणात कमी भरला तर संशय पक्का. मुद्दाम मोठ्या आकारात काढलेल्या नकलाही असतात, त्या तर पट्टीनेच कळतात. मांडीच्या किंवा पाठीच्या आतल्या बाजूला कोरलेली कंपनीची नावे आणि साल भिंगाखाली पाहा. नकलेत ती अक्षरे घासून काढलेली किंवा मेणासारखी गोलावलेली असतात.

घासायच्या स्टिकरचे थोडक्यात. उष्णतेने चिन्ह दाखवणारे ते चौकोन १९८५पासून आले. १९८४च्या पहिल्या मालावर ते नव्हतेच. जुने झाल्यावर खऱ्यावरचेही चिन्ह उमटेनासे होते, आणि नकलांवरही तसे स्टिकर असतात.

आयएसआयचेही तसेच. भारतात खेळण्यांवर हा शिक्का १ जानेवारी २०२१पासून सक्तीचा झाला. १९८५च्या किंवा २०१५च्या सेटवर तो कुठून येणार? शिवाय तो सुरक्षिततेच्या चाचणीचा शिक्का आहे, साचा कुणाचा हे तो सांगत नाही. मात्र खडेबाजारातून किंवा गणपत गल्लीतून घरातल्या लहान मुलांसाठी नवे खेळणे घेत असाल तर शिक्का आणि त्याखालचा लायसन्स नंबर पाहूनच घ्या. तिथे तो पाहायलाच हवा.

‘फेविक्विकचा एक थेंब टाका.’

हा सल्ला सर्वांत घातक. इन्स्टंट ग्लू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, जुलैत आपल्याकडे तर बघता बघता. जोडलेल्या सांध्यात टाकलेला थेंब फटीतून आत ओढला जातो आणि सांधा जाम होतो. मग वाटीत फिरणारी गोळी, म्हणजे बॉल, असलेल्या सांध्यात वळवताना बॉलची मान मोडते. बंद जागेत त्याच्या वाफेने आजूबाजूच्या रंगावर पांढरी साय चढते, ती वेगळीच.

आधी सांधा कुठला ते ओळखा. रॅचेट असेल तर ग्लूचे कामच नाही. बहुतेक वेळा आतली स्प्रिंग दाबणारा स्क्रू ढिला झालेला असतो. बारीक तोंडाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन स्क्रू आधी उलटा फिरवा. ‘टक’ असे होऊन तो जुन्या आट्यात उतरला की मगच सुलटा आवळा, एका वेळी पाव फेरा. थेट आवळला तर तो प्लॅस्टिकमध्ये नवे आटे पाडतो आणि पुढे कधीच धरत नाही. फार आवळला तर दाते उचलत नाहीत आणि स्क्रूभोवतीचे प्लॅस्टिक पांढरे पडते. पिनेचा सांधा असेल तर पिनेची दोन्ही टोके पाहा. दातेरी टोक एकीकडे असते. पिन ठोकायची ती गुळगुळीत बाजूने, म्हणजे दातेरी टोक आधी बाहेर येते. उलट ठोकली तर दाते भोक खरवडत जातात. कुठेही स्वयंपाकाचे तेल, मशीन ऑइल किंवा गंजाचा स्प्रे नको. लागलेच तर सिलिकॉन ग्रीस, तेही टाचणीच्या टोकाएवढे.

ग्लूचा उपयोग आहे तो फक्त बॉल जॉइंटला, आणि तोही सांधा सुटा करून. हेअर ड्रायरने वाटी किंचित कोमट करून बॉल बाहेर ओढा, साबणाच्या पाण्याने धुऊन पुसा. टूथपिकने बॉलवर ग्लूचा अगदी पातळ थर द्या, मानेला लागू देऊ नका. बॉल वाटीबाहेरच २४ तास उघडा ठेवा. वरून ग्लू लगेच सुकलेला वाटतो, पण तसाच बसवला तर चिकटतो. दुसऱ्या दिवशी नखाने दाबून पाहा. खूण उमटली तर अजून एक दिवस थांबा. नाही उमटली तर बसवा, आणि सैलच वाटला तर पुन्हा काढून आणखी एक पातळ थर द्या.