पावडर विरघळली नाही, पेशी सुटल्या नाहीत: ईडीटीएबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या पेशी नुसत्या ईडीटीएने (कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन) कशा सोडवायच्या, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. ईडीटीएची पावडर रात्रभर स्टररवर (ढवळणाऱ्या यंत्रावर) ठेवूनही विरघळली नाही. आणि एचईके 293 पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशी) दहा मिनिटांतही सुटल्या नाहीत, म्हणून 'नुसतं ईडीटीए कुचकामी, सरळ ट्रिप्सिन घ्या' (ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम).

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. पीएच शेवटी जुळवा असं मी लिहिलं होतं, ती माझी चूक. लेखात दुरुस्त केली आहे. 0.5 मोलर द्रावणात डायसोडियम ईडीटीए पीएच 8 च्या जवळ गेल्याशिवाय विरघळतच नाही, कितीही ढवळा. 100 मिलीसाठी 18.6 ग्रॅम पावडर (डायहायड्रेट) 80 मिली पाण्यात घाला. दुधाळ दिसेल. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या थोड्या थोड्या टाकत जा, एकूण साधारण 2 ग्रॅम लागतात. पीएच 8 च्या आसपास पोचला की पाणी बघता बघता नितळ होतं. तिथे हात आवरा. मग 100 मिलीपर्यंत भरून 121 अंशांना 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करा. वापरताना 500 मिली पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर द्रावण) यातलं अर्धा मिली, म्हणजे 0.5 मिलिमोलर.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. 'मीडियम थोडं राहिलं होतं' (मीडियम म्हणजे पेशी वाढवायचं पोषक द्रावण) असं तुम्हीच लिहिलंय, घोडं तिथेच पेंड खातंय. टी-25 फ्लास्कमध्ये 2 मिली पातळ केलेलं ईडीटीए म्हणजे फक्त 1 मायक्रोमोल. मागे राहिलेल्या अर्धा मिली डीएमईएममध्ये (हेच ते मीडियम) कॅल्शियम 0.9 आणि मॅग्नेशियम 0.4 मायक्रोमोल. पेशींना धरून ठेवणाऱ्या कॅडहेरिन प्रथिनाचं कॅल्शियम काढायला ईडीटीए उरलंच नाही! फ्लास्क उभा करून दहा सेकंद थांबा, कोपऱ्यातलं शेवटचं मीडियम ओढून घ्या, मग 3 मिली पीबीएसने दोनदा धुवा. हे पीबीएस कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहितच हवं. दोन्ही प्रकारच्या बाटल्या सारख्याच दिसतात, लेबल वाचा. आणि 'रूम टेम्परेचर' या शब्दावर विसंबू नका: बडोद्यात एप्रिलमध्ये एसीची खोली 22 अंश आणि बाहेरचं टेबल 36. सरळ 37 च्या इनक्युबेटरमध्ये ठेवा, तिसऱ्या मिनिटापासून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पेशींच्या कडा गोल, चकचकीत झाल्या की फ्लास्कला हलकी टिचकी मारा.

ईडीटीएचं काम थांबवायला 4 मिली मीडियम घाला. मीडियममधलं सीरम (रक्तातला द्रव भाग) ट्रिप्सिनला रोखतं, ईडीटीएला नाही. ईडीटीएला भारी पडतं ते मीडियममधलं 7.2 मायक्रोमोल कॅल्शियम.

फायब्रोब्लास्टसारख्या घट्ट चिकटणाऱ्या पेशींना ट्रिप्सिन लागतंच, तिथे वाद नाही. पण फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी लेसरसमोरून नेऊन मोजण्याची पद्धत) पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं मोजायची असतील, तर ट्रिप्सिन तीच कापून टाकू शकतं.

इतकं करूनही पेशी सुटल्या नाहीत, तर पीबीएसच्या लेबलवर काय छापलंय ते इथे जसंच्या तसं लिहा.