काचेतली भाऊबंदकी

मासे पाळल्याने मन शांत होते, असे ज्याने कोणी प्रथम म्हटले असेल, त्याने सिक्लिड या भांडकुदळ कुळातले मासे पाळलेले नसावेत. आमच्या दिवाणखान्यातील चार फुटी टाकीत आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या खडकाळ काठाने राहणारे म्बुना नावाचे सिक्लिड आहेत. आणि मे महिन्याच्या दुपारी, सोलापुरातील रस्त्यांवर चिटपाखरूही नसते तेव्हा, शहरातील बहुधा एकमेव हाणामारी आमच्या घरात चालू असते.

दुकानदाराने ‘साहेब, एकदम शांत मासा’ अशी शिफारस करून ऑराटस नावाचा म्बुना दिला, तेव्हा तो खरोखरच शांत होता, कारण तो लहान होता. सोनपिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले ते पोर पाहून शेजारणींनीही कौतुक केले. या जातीचा नर वयात येऊन वरचढ ठरला की त्याचा पिवळा रंग मावळतो आणि अंग काळपट होते. आमच्या ऑराटसने हा काळा कोट अंगावर चढवला आणि त्याच आठवड्यात टाकीतील समस्त जागेवर दावा लावला. सरोवरात हरलेल्या माशाला पळून जायला जागा असते. चार फुटांत तो पळणार कुठे? दुसरा एक नर फिल्टरच्या पाइपमागे, पाण्याच्या अगदी वरच्या कडेला, पर मिटून तिरका उभा राहू लागला. शेपटीची कडा कुरतडलेली, आणि खाणे टाकले तरी आधी नजर काळ्याकडे, मग दाण्याकडे.

यावरचा जाणकारांचा उपाय असा, की मासे कमी करू नयेत, वाढवावेत. मारकुट्याला एकच बळी सापडला तर तो त्याचा जीव घेतो. वीस सापडले तर नेमका कोणाचा पाठलाग करावा हेच त्याला ठरवता येत नाही. शिवाय एका नरामागे निदान तीन माद्या असाव्यात. हे मी घरात समजावून सांगितले तेव्हा ‘अहो, भांडणे होतात म्हणून आणखी माणसे आणायची, हा कुठला न्याय?’ असा रास्त प्रश्न आला. न्यायाचा येथे संबंधच नाही. मार सर्वांना थोडाथोडा वाटून द्यायचा, एवढेच पाळणाऱ्याच्या हाती असते.

मासे वाढले की घाण वाढते आणि दर आठवड्याला बरेचसे पाणी बदलावे लागते. ज्या शहरात उजनीचे पाणी नळाला काही दिवसांआड येते, तेथे हे वाक्य घरात मोठ्याने उच्चारता येत नाही. सुदैवाने ज्या बोअरच्या पाण्याने आमच्या गीझरवर पांढरी पुटे चढतात, तेच जड पाणी या माशांना मानवते, त्यांना ७.७ ते ८.६ पीएचचे, म्हणजे अल्कधर्मी पाणी लागते. उन्हाळ्याचे मात्र काही चालत नाही. पाणी तापले की त्यांची भूक वाढते, हालचाल वाढते आणि अर्थातच राग वाढतो. त्यात वीज गेली की मी बर्फाची बाटली घेऊन टाकीपाशी उभा, आणि घरातील माणसे घामाघूम होऊन माझ्याकडे पाहत उभी.

नवा मासा सोडण्यापूर्वी दगडांची रचना मोडावी लागते. दगड वाळूवर न ठेवता थेट काचेच्या तळावर बसवावे लागतात, कारण ही मंडळी खालची वाळू उकरून डोंगर कोसळवतात. रचना बदलली की जुने सगळे हक्क एकदम रद्द होतात आणि पहिला अर्धा तास काळा कोटसुद्धा आपले घर शोधत हिंडतो. तेवढ्यात दिवा बंद करून नव्याला आत सोडायचे. मध्यंतरी काळ्यालाच उचलून वेगळे ठेवले होते. तर पाइपमागचा तो बिचारा काही दिवसांतच काळवंडला आणि सर्वांत मोठ्या दगडावर जाऊन बसला.

टेंभुर्णीचे मामा आले, त्यांनी चष्मा पुसून निकाल दिला, ‘अरे, ही तर चिलापी! आमच्याकडे किलोने मिळते.’ कुळ पाहिले तर मामांचे चुकले नाही. उजनीतली चिलापीही सिक्लिडच. मात्र त्यानंतर ते जेवेपर्यंत टाकीकडे ज्या नजरेने पाहत होते, ती मला आवडली नाही.

सासूबाईंना या घोळक्यातील एकच मासा पसंत आहे. ती पिवळी मादी अंडी तोंडात सांभाळते आणि सुमारे तीन आठवडे काही खात नाही. तिची हनुवटी फुगलेली पाहून त्यांनी प्रथम दाढ दुखत असावी असा तर्क केला. उपास आहे असे कळल्यावर त्यांनीच तिच्यासाठी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली वेगळ्या टबाची जागा मोकळी करून दिली. आता पिल्ले बाहेर पडली आहेत. नखाएवढीही नाहीत, पण त्यांतले एक स्पंज फिल्टरच्या बुंध्याशी ठाण मांडून बाकीच्यांना फिरकू देत नाही. सासूबाईंनी काल मला बोलावून सांगितले, ‘जावईबापू, आत्ताच प्रत्येकाला एकेक दगड देऊन टाका, म्हणजे पुढे कटकट नको.’