अद्रोगे दोन तासांत कसं उरकावं

ब्युनॉस आयर्समध्ये टँगो पाहून झाला, ला बोकाची रंगीत घरं झाली, एविताच्या कबरीपुढे फोटो झाला, की एक दुपार रिकामी उरते. मग कुणीतरी सुचवतं, दक्षिणेला २०-२५ किलोमीटरवर अद्रोगे नावाचं शांत उपनगर आहे, झाडंबिडं छान आहेत, जाऊन या. जरूर जा. फक्त निघण्यापूर्वी मनाशी ठरवून टाका, की ते आपल्याला आवडणार नाही. एवढं एकदा ठरलं की पुढे सगळं सोपं जातं.

गाडी कॉन्स्तितुसिओन स्टेशनातून सुटते. फलकावर 'एसेइसा' दिसलं की बिनधास्त चढा, कारण विमानतळाचं म्हणून ते एकच नाव तुमच्या ओळखीचं आहे. ही गाडी तेम्परलेपर्यंत तुम्हाला अगदी योग्य दिशेने नेते आणि तिथून दुसऱ्याच फाट्याला लागते. अद्रोगे तेम्परलेच्या पुढचंच स्टेशन, पण ग्लेवच्या फाट्यावर. शहाणी माणसं ग्लेव किंवा अलेहान्द्रो कोर्नची गाडी पकडतात. शहाणी माणसं कुठेही हटकून वेळेवर पोचतात, त्यात काय मोठंसं.

डब्यात फेरीवाला येईल. तो काही न बोलता प्रत्येकाच्या मांडीवर मोज्यांचा जोड किंवा पेनांचं पाकीट ठेवत पुढे जाईल. ही अर्जेंटिनाची भेट समजून लगेच पिशवीत टाका. दोन मिनिटांनी तो वस्तू किंवा पैसे गोळा करत परत येईल, तेव्हा पिशवी उपसताना आजूबाजूच्यांची चांगली करमणूक होते. बाकीचे प्रवासी त्या पाकिटाला बोटही न लावता बसलेले असतात, पण त्यांना सवय आहे, तुम्हाला अनुभव घ्यायचाय.

उरलेला वेळ मोबाईलमध्ये मान घालून बसा. अधेमधे लानुस येईल. तिथल्या एका इस्पितळात ३० ऑक्टोबर १९६० रोजी दिएगो मॅराडोना जन्मला. पण तिथे पुतळ्यापाशी बस थांबवून खाली उतरवणारा टूर मॅनेजर नाही, म्हणजे बघण्यासारखं काही नसणारच. पुढे बानफील्ड लागेल. लेखक हूलिओ कोर्तासारचं लहानपण तिथे गेलं. तेही जाऊ द्या. अर्जेंटिना म्हणजे मेस्सी, हे आपलं घरीच ठरलंय. अद्रोगेत उतरल्यावर भेटेल त्याला 'मेस्सी! मेस्सी!' असं ओरडून दाखवा. मेस्सी रोसारिओचा, इथून कित्येक तासांच्या अंतरावरचा. इथल्या माणसाचा जीव गावातल्या ब्राउन फुटबॉल क्लबात अडकलेला असतो. तरी तो हसून मान डोलावेल. फार सभ्य लोक.

पोचण्याची वेळ मात्र चुकवू नका. दुपारी दोन उत्तम. त्या वेळी बऱ्याच दुकानांचे पट्ट्यापट्ट्यांचे पडदे खाली ओढलेले असतात आणि रस्त्यावर एखादं कुत्रं सोडलं तर कुणी नसतं. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याचा शोध आपल्या पेठांतच लागला, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हा धक्का सोसायची तयारी ठेवावी. पाच वाजता पडदे वर जातात, बेकरीत मेदियालुना या चंद्रकोरी पावांचे ताजे ट्रे येतात, शाळकरी पोरं आणि आज्या एकाच रांगेत उभ्या राहतात. पण तोवर तुम्ही थांबणार नाही आहात. 'मेलेलं गाव' हा शेरा साडेतीनपर्यंत लिहून व्हायला हवा.

रविवारी आलात तर आणखी सोयीचं. तेव्हा गल्लीच्या गल्ली परसात असते आणि भिंतींवरून मांस भाजल्याचा धूर येत असतो. माणसं आहेत हे कळतं, फक्त ती तुमच्यासाठी बाहेर येत नाहीत.

आता गाव. १८७१ मध्ये ब्युनॉस आयर्सात पिवळ्या तापाची साथ आली आणि काही महिन्यांत १३ हजारांहून अधिक माणसं गेली. ज्यांना परवडत होतं ते शहराबाहेर मोकळी हवा शोधू लागले. एस्तेबान अद्रोगे या जमीनदार व्यापाऱ्याने इथली जमीन विकायला काढली आणि १८७३ मध्ये गाव उभं राहिलं. थोडक्यात, 'शहराच्या गजबजाटापासून दूर, निसर्गाच्या सान्निध्यात' ही प्लॉटची जाहिरात आपल्याकडे शोधून काढलेली नाही. फरक इतकाच की इथे झाडं जाहिरातीनंतरही राहिली.

आखणी कानाले नावाच्या इटालियन बापलेकांची. अर्जेंटिनात गाव म्हटलं की काटकोनात चौकोन पाडायचे, हा शिरस्ता. यांनी त्यात तिरपे रस्ते घुसवले आणि मधेमधे छोटे चौक पेरले. ला प्लाता शहर तिरप्या रस्त्यांसाठी नावाजलंय, पण ते १८८२ चं, हे त्याच्या आधीचं. तुम्हाला याचा उपयोग एवढाच, की 'आता सरळ' म्हणत चालू लागलात की पंधरा मिनिटांत तुम्ही पुन्हा प्लासा ब्राउन या चौकातच हजर. तिसऱ्यांदा तिथे पोचलात की नगररचनेवर टीका करा. वर मान करून रस्त्यावर कमान धरणारे लिंडन आणि प्लेन वृक्ष पाहण्याचा मोह टाळा. वेळ जातो.

हा ब्राउन म्हणजे आयर्लंडात जन्मलेला दर्यासारंग, अर्जेंटिनाच्या आरमाराचा जनक. त्याच्या नावाच्या तालुक्याला समुद्र सोडा, नदीचा किनाराही लागत नाही. याबद्दल गावकऱ्यांना काहीच वाटत नाही, तुम्ही मात्र आश्चर्य व्यक्त करायला विसरू नका.

साहित्याची आवड आहे असं ग्रुपवर दाखवायचं असेल, तर होर्हे लुइस बोर्हेसबद्दल विचारा. त्याच्या बालपणापासूनच्या उन्हाळ्याच्या सुट्या इथे गेल्या. निलगिरीचा वास आला की जगात कुठेही असलो तरी मी अद्रोगेतच असतो, अशा अर्थाचं तो सांगायचा. त्याच्या घरची मंडळी जिथे उतरत ते 'ला देलिसिया' हॉटेल त्याने गोष्टींत रूपं बदलून आणलं. एका गोष्टीत तर दक्षिण रेल्वेचा एक इंग्रज इंजिनिअर तिथे वर्षानुवर्षं येऊन राहतो आणि त्याच्यामागे राहिलेल्या एका पुस्तकातून एक अख्खं बनावट जग निघतं. हॉटेल १९५० च्या दशकात पाडलं. तेव्हा तुम्ही नेमकं हॉटेलच दाखवा म्हणून हटून बसा. प्लासा ब्राउनजवळ बोर्हेसच्या आईचं छोटं घर आहे, आता तिथे संग्रहालय केलंय. त्या घराकडे 'हे एवढंसंच?' म्हणून पाहावं. आणि निलगिरीचं पान चुरगाळून नाकाशी धरायला कुणी सांगितलंच, तर सर्दी झाली की आम्ही तेल वापरतो, असं सांगून टाका.

भारताचा संबंध हवाच असेल, तर टागोर इथेच राहिले होते असं दडपून द्या. ते १९२४ मध्ये राहिले सान इसिद्रोला, शहराच्या पार उत्तरेला, नदीकाठी, लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोंच्या पाहुणचारात. पण व्हॉट्सअॅपवर उत्तर-दक्षिण कोण बघतो?

शाकाहारी मंडळींनी 'आम्ही मांस खात नाही' एवढंच बोलून निश्चिंत व्हावं. त्या भल्या लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त गाय उभी राहते. ती वगळून ते मनापासून हॅमचं सँडविच आणून ठेवतील. मग रागवायचं. फुगासेता हा कांदा-चीजने गच्च भरलेला पिझ्झा आणि त्यावर ठेवून खायची फाइना ही गल्लीतल्या पिझ्झेरियात मिळते, हे कुणी सांगू लागलं तर कानाडोळा करा. फाइना म्हणजे भट्टीत भाजलेला बेसनाचा जाड पोळा. म्हणजे दक्षिण गोलार्धात येऊन शेवटी बेसनच, असं म्हणून ठेपल्याचा डबा उघडता येतो.

सगळ्यात मोठा धोका संध्याकाळचा. ऊन कललं की लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून बसतात, आणि तुम्ही नको इतका वेळ रेंगाळलात तर एखादे आजोबा तुम्हालाही बसवतील. काखेत थर्मॉस, हातात छोट्याशा वाळक्या भोपळ्याचं भांडं, त्यात येर्बा या पाल्याचा चुरा एका बाजूला कललेला. हे इथलं 'माते' नावाचं पेय. आजोबा धातूच्या नळीच्या मुळाशी, कोरड्या चुऱ्याला धक्का न लावता, बारीक धारेने पाणी सोडतात. पाणी उकळलेलं चालत नाही, त्याच्या अलीकडेच उतरवलेलं असतं. भांडं एक, नळी एक, माणसं सहा. एकाने संपवून परत द्यायचं, आजोबांनी भरून दुसऱ्याला द्यायचं.

इथे आपली संस्कृती उपयोगी पडते. आधी रुमालाने नळी पुसा. मग भांडं डोक्यावर धरून, ओठ न लावता, वरून प्यायचा प्रयत्न करा. जमत नाही म्हटल्यावर नळीने चहासारखं खसाखसा ढवळा. आजोबांच्या चेहऱ्यावर जे काही उमटेल त्याचा व्हिडिओ चांगला येतो. आणि पहिल्याच घोटानंतर तोंडभर 'ग्रासियास' म्हणा. 'माते'च्या बैठकीत त्याचा अर्थ 'बस, मला पुरे' असा घेतला जातो, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत भांडं तुम्हाला वगळून जातं. एकच घोट दिला, चिक्कू लोक, असं घरी सांगायला तुम्ही मोकळे.

परतीला स्टेशन गाठलंत की एकच ध्यानात ठेवा. आठवडाभर रस्ता ओलांडताना तुम्ही शिकलात, की या देशात वाहनं उजवीकडून चालतात. रस्त्यावर ते १९४५ पासून खरं आहे. रेल्वे मात्र इंग्रजांनी घातलेली, ती अजून आपल्यासारखी डावीकडूनच धावते. कुणालाही न विचारता, शिकलेलं ज्ञान वापरून फलाट निवडा, आणि येईल त्या गाडीत चढा. अर्ध्या तासाच्या आत तुम्ही ग्लेवला असाल. तिथेही बघण्यासारखं काही नाही, यादीत एक ठिकाण वाढलं.