तीन पंख, एक सुई आणि मी

नवऱ्याला एखादा छंद असावा, असं मला लग्नाआधी फार वाटायचं. आता आमच्या शेडमध्ये पहिल्या महायुद्धातलं फोकर ट्रायप्लेन उभं राहतंय. एकावर एक तीन पंख, आणि सगळं मूळ मापाचं. वरचा पंख ७.१९ मीटर, तोही अखंड. मधे जोड दिला तर हलवायला बरं, असं मी सुचवून पाहिलं. ‘मुळात नव्हता,’ एवढंच उत्तर आलं. मूळची विमानं साधारण ३२० झाली, त्यातलं आज एकही शिल्लक नाही. संग्रहालयांत आहेत त्याही प्रतिकृतीच. मग ताडून कशाशी बघणार, हे विचारायची सोय नाही.

खरी शिक्षा शिवणाची. पंखावर ताणलेलं कापड बरगड्यांना शिवावं लागतं, नाहीतर उडताना हवा ते वर खेचते. पंख धारेवर उभा करायचा; एका अंगाला हे, दुसऱ्या अंगाला मी. हातभर लांब सुई ते तिकडून खुपसतात, मी ओढून घेते आणि बरगडीच्या पलीकडून परत पाठवते. मग ते गाठ मारतात. मधे कापड असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. संसाराला हे तसं सोयीचंच. पण सुई कुठे उगवेल याचा नेम नाही.

‘आली का?’

‘आली.’

‘कुठे?’

‘अंगठ्यात.’

‘कापडाला डाग नाही ना पडला?’

इंजिनापाशी मात्र मूळनिष्ठा ढळली. मूळ इंजिनाची सगळी सिलिंडरं प्रोपेलरसकट गरगर फिरायची, आणि वंगणाचं एरंडेल उडून वैमानिकाच्या तोंडावर यायचं. तसली इंजिनं आता दुर्मिळ. आधुनिक इंजिन बसवायचं ठरलं, तेव्हा ह्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखाच झाला होता.

रंग लाल, त्या युद्धातला जर्मन वैमानिक रिख्टहोफेन याच्या विमानाचा. नेमका कुठला लाल, हे ठरवायला हे भिंग घेऊन त्या काळचे काळेपांढरे फोटो बघत बसतात. मी केस कापून आले तर ह्यांना आठवड्याने कळतं!

मधेच लक्षात आलं, चाकांमधल्या आसावरही एक छोटा पंख आहे.

‘तीन म्हणाला होतात ना?’

‘तो मोजत नाहीत.’

परवा टेबलावर नवा आराखडा दिसला. सॉपविथ कॅमल, त्याच युद्धातलं ब्रिटिश विमान.

‘ह्याला दोनच पंख आहेत,’ ह्यांनी लगेच माझी समजूत काढली.

मी आराखडा उलगडला. पंखांचा पल्ला ८.५३ मीटर.

‘पण दोनच!’