कळशीभर दर्या

सोमवारी बाजारात बांगडे घ्यायला गेलो, तर मासेवाली मावशी बांगडे सोडून माझ्याकडेच बघत होती. "काय ओ, तुमच्या माशांका खारट पाणी सोसणा नाय म्हणे?" शेजारची पाटी हसली, तिच्या पलीकडची हसली, बर्फ फोडणाऱ्या पोरानेही हसून घेतलं. त्या गडबडीत वाट्यात दोन बांगडे कमी आले असा माझा अजून संशय आहे.

ही बातमी बाजारात नेली आमच्या शेजारच्या आबांनी.

माझ्याकडे तीन बाय दीड बाय दीड फुटांची काचेची टाकी आहे. दगड आणि वाळू वजा जाता आत दीडशे लिटर खारं पाणी, जोकर माशांची जोडी, एक सफाई कोळंबी आणि दगडावर झोअँथिडची, म्हणजे पोवळ्यांच्या भाऊबंदांतल्या इवल्या जिवांची, रंगीत बटणं. पाच दिवस पुण्याला जायचं होतं, म्हणून किल्ली आबांकडे दिली. मे महिन्यात पाणी २६ अंशांवर ठेवायला वर पंखा लावावा लागतो आणि पंख्याने रोज तीन लिटर पाणी उडतं. म्हणून आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून सगळे क्षार काढलेल्या, पाण्याचा वीस लिटरचा कॅन भरून शेजारी ठेवला, काचेवर खूण केली आणि चिठ्ठी लावली: इथपर्यंत, फक्त कॅनमधलं.

परत आलो तर पाणी खुणेला बरोबर टेकलेलं. कॅन मात्र रिकामा होता आणि बटणं सगळी मिटलेली. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरमधून पाहिलं तर ३८.५. असायला हवं ३५.

"आबानू, टाकीत पाणी खयचा घातल्यात?"

"खयचा म्हणजे? दर्याचा! रोज सकाळी एक कळशी. मासे दर्याचे, मगे पाणी काय बावीचा घालू?"

"आणि कॅनमधला?"

"ता चांगला पाणी होता रे. माशांका घालून वाया कित्याक घालवू? च्याक वापरलंय. च्या बरी झाली, पण जरा फिकी लागता."

ज्या पाण्यातून मेंब्रेन आणि रेझिनने शेवटचा कणसुद्धा काढून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यावर आणला होता, त्याची चव फिकीच लागणार.

"आबानू, टाकीतला पाणी उडता, मीठ उडणा नाय. तुमी वरसून परत मीठच घातल्यात."

आबांनी पानाची पिंक टाकायला वेळ घेतला. "बरा. मगे माका सांग, दर्यातला पाणी उडता, थय गोडा पाणी कोण घालता?"

"पाऊस, आबानू."

"झाला तर मग! पावस येयसर थांब."

याला उत्तर नाही. म्हणजे उत्तर आहे, पण ते आकड्यांत आहे आणि आबा आकडे ऐकत नाहीत. कळशीत तीन लिटर पाणी, दर लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ. पाच दिवसांत सव्वापाचशे ग्रॅम मीठ जास्तीचं, तेही दीडशे लिटरमध्ये. ५२५ भागिले १५० म्हणजे साडेतीन. पस्तीसवर साडेतीन. अरबी समुद्राला आबांची कळशी जाणवत नाही, माझ्या टाकीला जाणवते.

वर ते पाणी आणलं कुठून? जेटीच्या पायरीवरून. तिथे होड्यांचं डिझेल, मासे धुतलेलं पाणी आणि गटाराचं तोंड एकाच ठिकाणी नांदतात. दर्याचं पाणी वापरणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण ते नोव्हेंबर ते मे या काळात, भरतीला, होडीतून चांगलं आत जाऊन पाणी भरतात. मग ते आठ-पंधरा दिवस झाकून अंधारात ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, पाच मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. जूनला खाड्या लाल मातीचं गोडं पाणी समुद्रात ओतायला लागल्या की तेही बंद. म्हणून मी मीठ विकत आणतो, लिटरला ३६ ग्रॅमच्या आसपास, आणि एक दिवस पंपाने ढवळत ठेवून मगच वापरतो.

यावरही आबांचं मत आहे. "दर्याच्या गावात रवान दर्याचा मीठ इकत घेणारो तू पयलोच. शिरोड्याक जा, मिठागरात पोतीच्या पोती गावतत."

शिरोड्याच्या मिठाबद्दल मला आदरच आहे. १९३० साली तिथे मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या. पण मिठागराचं कामच मुळी समुद्राचे तुकडे वेगळे करायचं. पाणी आटताना आधी चुना बसतो, मग जिप्सम, मग मीठ, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातं. हाती येतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. सोलकढीला उत्तम. टाकीला मात्र लिटरमागे कॅल्शियम ४२० मिलीग्रॅम, मॅग्नेशियम १३०० मिलीग्रॅम आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, ८ ते ९ अंश (डीकेएच) लागते. हे मी आबांना एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे तुझ्या माशांका रक्तदाब आसा."

आबांची दुसरी सूचना याहून उदार. "ह्या बटणांपरास किल्ल्यामागे मोठी पोवळी आसत, एक आणून देतंय." आबा, टणक पोवळी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला! शिवाय मालवणचं ते पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि त्या बटणांना उघड्या हाताने चाचपूही नका. काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं जहर असतं, बोटाला जखम असली तर प्रकरण महागात पडतं. हातमोजे तिथेच ठेवले होते. आबांनी ते घालून फणस कापला.

आता कोणी म्हणेल, आपोआप पाणी भरणारं यंत्र लावायचं. मिळतं की! पण त्याच्या तरंगत्या स्विचवर एखादी गोगलगाय चढून बसली की पंप थांबत नाही आणि सगळा कॅन टाकीत रिकामा होतो. तेव्हा कॅन टाकीच्या दहाव्या हिश्शाहून मोठा ठेवू नये. आणि आमच्याकडे लाईटचा भरवसा काय? वळवाचे चार थेंब पडले की लाईट जाते, आणि ती कधी येणार हे विचारायला केलेला फोन तिकडे कोणी उचलत नाही. टाकीतला प्रवाह थांबला की प्राणवायू काही तासांत उतरतो. बॅटरीवरचा हवेचा पंप घेऊन मी रात्री जागलेलो आहे. याला छंद म्हणतात, आणि त्याचं बिल दर महिन्याला येतं.

असो. खारटपणा उतरवायचा तर घाई करून चालत नाही, एकदम गोडं पाणी ओतलं तर पहिली कोळंबी जाते. म्हणून पाच दिवस रोज टाकीतलं तीन लिटर खारं पाणी काढलं आणि त्या जागी तीन लिटर आरओचं घातलं, शिवाय उडालेल्या पाण्याची भर वेगळी. म्हणजे आबांनी पाच दिवसांत चढवलं ते मी पाच दिवसांत उतरवलं. रिफ्रॅक्टोमीटरही ३५ च्या द्रावणाने तपासून घेतलं. नुसत्या पाण्यावर शून्य लावलं तर ते वरच्या आकड्यांना थापा मारतं. काल बटणं उघडली. कोळंबी दगडामागून मिशा काढून बसली आहे, अजून रागात दिसते.

आज सकाळी दारात आबा. हातात कळशी.

"घाबरा नको, बावीचा आसा. गोडा."

मी टीडीएस मीटर बुडवला. ८५. म्हटलं, "आबानू, ह्यात सिलिका आसतली, फॉस्फेट आसतला, शेवाळ धरतला." आबांनी मीटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग कळशी उचलून अंगणातल्या अबोलीला ओतली.

"तुझ्या माशांपरास ही बरी," ते म्हणाले. "काय्यव घातला तरी फुलता."