हिरवी खूण पुरेशी नाही
कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याची नोंदणी ऑनलाइन झाली की मनुष्यबळ विभागाचे काम निम्म्यावर येते, हे एका लेखात वाचलेले विधान मला अर्धेच पटले. नोंदणीचे पोर्टल (संकेतस्थळ), पगारपत्रक आणि विमा कंपनीची सदस्ययादी या तिन्ही नोंदी दरमहा ताडून पाहिल्या नाहीत, तर नोकरी सोडून गेलेल्याचा हप्ता भरला जात राहतो आणि नवजात बाळाचे नाव मात्र यादीत चढलेले नसते. आमच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीच्या नावापुढे पोर्टलवर नोंदणी पूर्ण झाल्याची हिरवी खूण दिसत होती. परंतु जन्मतारखेतील दिवस आणि महिना उलटे पडल्याने विमा कंपनीने ती नोंद नाकारली होती, आणि हे कळले ते थेट रुग्णालयाच्या काउंटरवर. शिवाय कोणाला कोणता आजार आहे, हे वरिष्ठांना दिसता कामा नये. पोर्टलवरील कोणती माहिती कोणाला पाहता येईल, हे ठरवताना (निदान आमच्याकडे तरी) हा मुद्दा सर्वांत शेवटी आठवला.