नुसता 'स्वस्तातला' नाही
तुमच्या लेखात 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) या सिनेमाची 'कमी खर्चातला झॉम्बीपट' (झॉम्बी म्हणजे उठून माणसं खाणारी प्रेतं) एवढ्यावरच बोळवण झालीय, ते खटकलं. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोनं तो पेनसिल्व्हेनियात सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत केला. रक्त म्हणजे चॉकलेट सिरप! तरी तळघरात झॉम्बी झालेली लहान मुलगी थापी घेऊन आईवर चाल करते तेव्हा अंगावर काटा येतोच. बाहेरच्या प्रेतांपेक्षा घरात कोंडलेल्या माणसांची भांडणंच जीवघेणी. आणि ड्वेन जोन्सनं साकारलेला नायक बेन! त्या काळात कृष्णवर्णीय नायक, रात्रभर एकट्याच्या हिमतीवर तगलेला, आणि सकाळी झॉम्बींना शोधून मारणाऱ्या पथकाच्याच गोळीनं जातो. त्यानंतरची स्थिरचित्रं मला अजून सहन होत नाहीत. प्रताधिकाराची सूचना पडद्यावर टाकायची राहून गेली, तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानं प्रताधिकारच गेला, म्हणून हा सिनेमा फुकट बघता येतो. नक्की बघा, फक्त रंगीत केलेली प्रत टाळा.